धयकाल्यातली झोप

कार्तिक लागला, की आमच्या सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बारकी चौकट येऊ लागते: आजचे दशावतार. एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला गावाचं. मोचेमाडकर अमुक गावी, पार्सेकर तमुक वाडीत, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर आणखी कुठे कुठे. संपलं. नाटक कोणतं, पडदा किती वाजता वर जाणार, तिकीट केवढ्याचं, यातलं काही नाही. कारण नाटक अजून ठरलेलं नाही, वर जाणारा पडदा नसतो आणि तिकीटही नसतं. पहिल्या पानावर सरकार पडलेलं असलं तरी आधी हे पान उघडणारी माणसं माझ्या माहितीत आहेत. सरकार पडल्याचं संध्याकाळपर्यंत कोणीतरी सांगतंच. वालावलकर आज कुठे आहेत हे चुकलं, तर रात्र फुकट गेली.

बाहेरून आलेल्या माणसाला ही चौकट अपुरी वाटते. बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं, "पण प्रयोगाची वेळ काय?"

"पालखी फिरल्यावर."

"आणि पालखी?"

"ओट्या भरून झाल्यावर."

"त्या कधी होतात?"

"बायकांची रांग संपली की."

साहेबांनी यातून सरासरी काढली आणि साडेनऊला सहकुटुंब देवळापाशी हजर झाले. देवळाबाहेर खाजं आणि खडखडे लाडू घेतले, बांगड्यांची दुकानं पाहिली, पुन्हा खाजं घेतलं. पालखी बाहेर पडली, ढोल वाजले, दारूकाम झालं. गणपती रंगमंचावर आला तेव्हा साहेबांचं कुटुंब गाडीत झोपलं होतं आणि साहेब ड्रायव्हरच्या सीटवर बसून खाज्याची तिसरी पुडी संपवत होते. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तुमच्या लोकांना वेळेचं महत्त्व नाही." हे मात्र खरं नव्हे. आमच्या लोकांना वेळेचं फारच महत्त्व आहे, म्हणून तर ते ती एवढी भरपूर वापरतात.

मुळात आमच्याकडच्या सांस्कृतिक वर्षाची आखणी कुठल्याही खात्याकडे नाही. ती देवाकडे आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रांना तोंड फुटतं. सोनुर्लीच्या माऊलीकडे माणसं लोटांगणं घालतात. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावातून फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, हा हिशेब इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मग महाशिवरात्रीला कुणकेश्वर येईपर्यंत आठही तालुक्यांत जवळजवळ रोज कुठे ना कुठे रात्र जागवलेली असते. पुढे शिमगा. त्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं छापता येत नाही.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवी तर तिथीलाही जुमानत नाही. तिच्या जत्रेचा दिवस कुठल्याच पंचांगात आधी सापडायचा नाही. रानडुकराची पारध व्हावी लागते, देवीचा कौल घ्यावा लागतो, मग तारीख जाहीर होते आणि ती बातमी म्हणून छापून येते. इकडे रेल्वेचं आरक्षण उघडतं ६० दिवस आधी. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हापासून मुंबईतला चाकरमानी या दोघींच्या मध्ये अडकलेला आहे: एक तारीख सांगत नाही आणि दुसरी तारखेशिवाय बोलत नाही. दिवाळीचा फराळ संपला की माझा चुलतभाऊ परळहून फोन करून विचारायला लागतो, "डुकर गावलो काय?" हे तो ऑफिसातून विचारतो. शेजारच्या टेबलावरचे लोक त्याच्याशी अलीकडे जरा जपून वागतात.

जत्रेतल्या दशावताराला आमच्याकडे धयकालो म्हणतात, म्हणजे दहीकाला. रात्री उशिरा सुरू होतो आणि सकाळी दहीहंडी फुटली की संपतो. मधल्या पाच-सहा तासांत काय होणार हे संध्याकाळपर्यंत कोणालाच माहीत नसतं. कंपनीचा टेम्पो गावात येतो. पूर्वी हाच संसार पेटाऱ्यात भरून डोक्यावरून गावोगाव पायी जायचा. पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची रोज पूजा होते. टेम्पोतून उतरलेली माणसं आधी जेवतात. मग देवळाच्या मागच्या पडवीत आरसे मांडून ज्याचा तो तोंड रंगवायला बसतो. तेवढ्यात गावचे मानकरी येऊन सांगतात की गेल्या वर्षी राक्षस लवकर मेला, या वर्षी जरा टिकाऊ पाहिजे. त्यावर विचारविनिमय होऊन आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि ज्याच्या वाट्याला ऋषी आला तो दाढी शोधू लागतो. एवढीच तालीम. लिहिलेली संहिता नसते. संवाद रंगमंचावर, त्या घटकेला, तोंडातून येतील तसे. पुण्या-मुंबईच्या नाट्यशिबिरांत उत्स्फूर्त अभिनय शिकवायला फी घेतात; इथे दिवसा गवंडीकाम करणारा माणूस रात्री दोन वाजता राजाच्या वेशात उभा राहून राजधर्मावर वीस मिनिटं शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतो आणि एकही वाक्य कुठे लिहिलेलं नसतं.

नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, राणी रुसून आडवी झाली की पलंग, देव उभा राहिला की वैकुंठ, आणि वनवासाला निघालेला राजपुत्र त्यावरून उडी मारून पलीकडे गेला की पर्वत ओलांडला. पेटी, पखवाज आणि झांज वाजवणारे कडेला बसलेले. स्त्रीपात्रं परंपरेने पुरुषच करतात. समर्थांच्या दासबोधातही दशावतारी खेळातल्या सुंदर स्त्रियांचा उल्लेख आहे आणि त्या आतून चांगले दांडगे बाप्ये असतात, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वीच गुपित फुटलं, तरी पहाटे चारच्या सुमाराला राणीला वनात सोडून राजा निघून जातो तेव्हा आमची थोरली काकी पदर डोळ्यांना लावते. ती राणी दुपारी बाजारात रिक्षा चालवते आणि काकीने तिच्याशी भाड्यावरून भांडण केलेलं असतं, हे दोन्ही ठाऊक असून.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एवढं थोर नाटक; ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने जागून पाहिलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

जत्रेला निघताना आमच्याकडे ओटी, बॅटरी आणि चटई बरोबर घेतात. चटई कुठे टाकायची याचे अलिखित नियम आहेत. रंगमंचाच्या अगदी पुढ्यात पोरं, कारण ती सर्वांत आधी झोपतात आणि मागच्यांना अडचण होत नाही. त्यांच्यामागे बायका. देवळाच्या खांबांना टेकून म्हातारे. एकेक खांब एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, असा माझा अंदाज आहे. आणि सर्वांत मागे, चहाच्या टपरीच्या उजेडात, उभ्याने नाटक पाहणारे जाणकार. जाणकार कधी बसत नाही. बसला तर त्याला नाटक आवडलं असं लोकांना वाटेल.

चटई पसरून झाली की उठवण्याचे करारमदार होतात. "युद्ध लागला की माका उठय." "रडूचो सीन इलो की माका उठय." एक आजी दर वर्षी नातीला बजावते, "सासू इली की उठय हां," म्हणजे आख्यानात सून छळणारी कोणी असेल तर. करार तोंडी असल्यामुळे पुढे कोर्टकचेरी होत नाही, पण अबोला होतो. कारण ज्याने उठवायचं कबूल केलेलं असतं त्यालाही कोणीतरी उठवायचं असतं. ही साखळी रात्री एकपर्यंत नीट चालते. नंतर तिच्यातली एखादी कडी घोरू लागते आणि आख्खी वाडी युद्धाला मुकते.

कलाकारांना हे सगळं दिसत असतं, आणि ते मुळीच रागावत नाहीत. झोपलेल्या प्रजेसमोर राज्य करणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे. एका रात्री राजसभा भरली होती. समोर निम्मं गाव आडवं. राजाने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "प्रधानजी, आज आमच्या राज्यात एवढी शांतता कशी?" प्रधानाने क्षणाचाही वेळ न घालवता हात जोडले, "महाराज, आपल्या कृपेने प्रजा सुखाने निद्राधीन आहे." त्यावर जागं असलेलं निम्मं गाव हसलं, त्या हसण्याने झोपलेलं निम्मं उठलं, आणि काय झालं म्हणून विचारू लागलं. तोवर हसलेले झोपले होते.

रात्रीच्या पहिल्या टप्प्यात मात्र सगळे जागे असतात, कारण तेव्हा संकासुर येतो. आधी गणपती, रिद्धीसिद्धी, भटजी, सरस्वती, मग वेद पळवणारा हा काळ्या कपड्यांतला गृहस्थ. बाकीचे देव पुस्तकी मराठी बोलतात. संकासुर बोलतो मालवणी. त्यामुळे सहानुभूती कोणाकडे जाणार हे उघड आहे. वेद चोरल्याबद्दल त्याला जाब विचारला तर तो म्हणतो, "चोरतलंय कित्याक? तुमच्या रस्त्यार खड्ड्यात पडलेले गावले, ते उचलून हाडलंय." सरपंच पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले असतात. त्यांनाही हसावं लागतं. गावातली पाणीयोजना, बंद पडलेली एसटी, नुकतंच ठरलेलं आणि त्याहून नुकतंच मोडलेलं लग्न, यांपैकी काय काय संकासुराच्या कानावर गेलंय याची धास्ती संध्याकाळपासून अनेकांना असते. बिचारा दुपारी टेम्पोतून उतरून चहा प्यायला टपरीवर बसलेला असतो. बातम्या त्याच्याकडे आपण होऊन चालत जातात. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो. गावाची बाजू मांडणाऱ्या एकमेव पात्राचा वध होतो आणि लोक हात जोडतात.

त्यानंतर आख्यान, आणि आख्यानाबरोबर झोप. या झोपेवर उपाय म्हणून की काय, आमच्याकडे अलीकडे ट्रिकसीन आले आहेत. रस्त्याच्या कडेला फलक दिसतात: भव्यदिव्य ट्रिकसीनयुक्त पौराणिक दशावतारी नाटक. कोणाच्या मुकुटातून धूर निघतो, कोणाचं मुंडकं उडून बाकड्यावर पडतं आणि तिथून उरलेले संवाद बोलतं. जुन्या जाणकारांना हे पटत नाही. त्यांच्या मते ज्या नटाला नुसत्या आवाजाने मुंडकं उडवता येत नाही त्याने तलवार हातात धरू नये. मला जाणकारांचं बरंचसं पटतं, तरी ट्रिकसीनची एक सोय मान्य करायला हवी: स्फोट झाला की उठवण्याच्या करारांची गरज राहत नाही. सगळे एकदम उठतात. लहान मुलं रडतात, म्हातारे देवाचं नाव घेतात, कुत्री पळतात, आणि मेलेल्या राक्षसाला एवढे जागे प्रेक्षक पाहून पुन्हा एकदा जिवंत व्हावंसं वाटतं. कधीकधी तो होतोही.

याखेरीज संयुक्त दशावतार असतो. निरनिराळ्या कंपन्यांतले नामवंत एकाच रात्री एका रंगमंचावर. एरवी सिंहासनावर बसायची सवय असलेले चार राजे, आणि बाकडं एक. असल्या प्रयोगांत उभ्याने राज्य करण्याची पाळी कोणावर येते हे पाहायला लोक लांबून येतात. लोकराजा म्हणून जिल्ह्याने ज्यांना डोक्यावर घेतलं त्या सुधीर कलिंगणांसाठी माणसं सलग रात्री या गावाहून त्या गावी जायची; आज वेंगुर्ल्यात, उद्या कुडाळात. आणि दोन्हीकडे मधल्या अंकात झोपायची. भक्ती आणि झोप यांत आमच्याकडे कोणी विरोध मानत नाही.

तर मग नाटक पाहतं कोण? सगळे मिळून पाहतात. हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. अंगणात चहा घेऊन घर जमतं आणि नाटकाची जुळवणी सुरू होते. आबांनी राजसभेपासून शापापर्यंत पाहिलेलं असतं. शाप ते वनवास हा भाग काकीकडे. वनवासात जे घडलं ते पोरांना ठाऊक, कारण ती लघवीला उठली होती. युद्धाच्या वेळी वहिनी बांगड्यांच्या दुकानात होती, पण तिने लाऊडस्पीकरवरून ऐकलंय. आबांच्या आणि काकीच्या तुकड्यांत मध्ये अर्धा तास कमी पडतो. तो शेजारच्या घरातून उसना आणतात. शेजारी तो देतात, पण त्या बदल्यात त्यांना दहीहंडीच्या आधीचा भाग हवा असतो.

"पण राजान शाप दिल्यान कित्याक?"

"तेका राणीचो संशय इलो."

"संशय नाय गो, तो ऋषी मधी बोललो."

"ऋषी खंय होतो? ऋषी माज्या वेळेक मेलेलो."

"आबांनू, तुमी त्या वेळेक निजलेले होतास."

"निजलंय नाय. डोळे मिटून आयकी होतंय."

वादाचा निकाल लागत नाही, आणि लागणारही नाही, कारण पडताळून पाहायला पुस्तकच नसतं. जे बोललं गेलं ते हवेत गेलं. त्यामुळे ज्याने जे पाहिलं किंवा स्वप्नात पाहिलं ते तितकंच ग्राह्य धरावं लागतं. काही प्रसंग तर मला खात्रीने सांगता येईल की कंपनीने केलेच नव्हते. ते आबांच्या खांबाजवळ घडले. पण ते इतके चांगले होते, की चार दिवसांनी टपरीवरच्या जाणकारांनीही ते पाहिल्याचं सांगितलं.

दशावताराखालोखाल आमच्याकडे रात्र खाणारी गोष्ट म्हणजे डबलबारी. हे भजन असतं. असं मुद्दाम सांगावं लागतं, कारण फलकावर दोन बुवांचे फोटो समोरासमोर लावलेले असतात, मध्ये 'विरुद्ध' लिहिलेलं असतं आणि वर ठळक अक्षरांत 'जंगी सामना'. पहिली बारी एका बुवाची, दुसरी दुसऱ्याची. स्तवन, अभंग, गौळण, गजर, सगळं रीतसर, पखवाजवाला घामाघूम. मधूनच एक बुवा पुराणातला आडवळणी प्रश्न टाकतो आणि समोरच्याने त्याचं उत्तर आपल्या बारीत द्यायचं असतं. उत्तर देताना तो प्रश्नाबद्दल, प्रश्न विचारणाऱ्याच्या अभ्यासाबद्दल आणि त्याच्या गळ्याबद्दलही दोन शब्द बोलतो. हे सगळं विठ्ठलाला उद्देशून चाललेलं असतं. विठ्ठल कोणाच्या बाजूचा आहे हे मात्र प्रेक्षकांनी आपापसांत वाटून घेतलेलं असतं. डबलबारीत कोणी झोपत नाही. शांत नाटकात झोप लागते, पण भांडणात कोणाला लागली आहे?

पिंगुळीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार विनोद करण्यासारखं नाही. तिथल्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मालवणला समुद्र पाहायला निघालेल्या पर्यटकांपैकी काही जण पाऊस आला म्हणून तिथे शिरतात आणि पाऊस थांबला तरी बाहेर येत नाहीत. सावंतवाडीच्या गंजिफांचंही तसंच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० पत्ते. घेतात सगळे, भिंतीवर लावतात, खेळायचं कसं हे कोणी विचारत नाही. म्हणजे दशावतार इथे पत्त्यांतही आहे, फक्त तिथे कोणाला झोप येत नाही, कारण डाव मांडलेलाच नसतो.

शहरातल्या लोकांना आमच्या या सगळ्याची गोडी लागली ती प्रथम 'वस्त्रहरण'मुळे. गंगाराम गवाणकरांचं नाटक, १९८० सालचं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्यात काय काय घोटाळे होतात, एवढीच गोष्ट. मुंबईत माणसं खुर्चीवरून खाली पडून हसली. आमच्या आबांनी ते पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "बरा आसा, पण ह्यात विनोद खंय? असाच होता मा." नंतर २०२५ साली दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आला आणि कोकणाबाहेरच्या नातेवाइकांचे फोन येऊ लागले, की आम्हाला एकदा खराखुरा दाखवा. दाखवायला आमची ना नाही. अडचण एवढीच, की त्यांना तो शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत हवा असतो.

अशांची सोय म्हणून आता महोत्सव होतात. सभागृह, वातानुकूलन, मऊ खुर्च्या, दारात रांगोळी. दीपप्रज्वलन होतं, मान्यवरांच्या भाषणांत लोककला टिकली पाहिजे हे एकमताने ठरतं, आणि पावणेआठ वाजले की निवेदिका दशावतारी मंडळींना विनंती करते, की वेळेअभावी आपण आख्यान सव्वा तासात सादर करावं. सहा तासांचं राज्य सव्वा तासात. परिणाम असा होतो, की राक्षसाला पाप करायलाच वेळ मिळत नाही. तो येतो, आपलं नाव सांगतो आणि मरतो. राणीला वनात सोडल्याबरोबर राजा पश्चात्ताप पावतो, कारण मागे निवेदिका हातात पुष्पगुच्छ घेऊन उभी दिसते. मी असा एक प्रयोग पाहिला. सगळं सभागृह टक्क जागं होतं, एकाचीही मान कलली नव्हती, आणि नाटक काही केल्या संपेना. देवळासमोर पाच तास कधी सरतात कळत नाही. सभागृहात सव्वा तास खुर्चीच्या हातांवर बोटं वाजवत काढावा लागला. मधे झोपून उठल्यावर कथानक पुढे गेलेलं असतं, ते किती पुढे गेलं याचा अंदाज बांधण्यात जी गंमत आहे ती त्या खुर्चीत बसून मिळत नाही. मऊ खुर्चीत झोपायची आम्हा लोकांना लाज वाटते. चटईवर ती वाटत नाही.

प्रयोगानंतर चर्चासत्र होतं. बाहेरून आलेल्या एका अभ्यासकांनी राजाची भूमिका करणाऱ्याला अत्यंत नम्रपणे विचारलं, "भूमिकेत शिरण्याची आपली प्रक्रिया नेमकी कशी असते?" राजाने थोडा विचार केला. "आधी जेवतो," तो म्हणाला. अभ्यासकांनी ते लिहून घेतलं. "आणि नंतर?" "नंतर कोण व्हायचं ते विचारतो."

यंदा माझ्या त्या परळच्या चुलतभावाने निर्धार केला, की आपण आख्खा धयकालो पाहायचाच. पाहायचा म्हणजे टिपायचा. नवा मोबाइल, तिपायी, दोन पॉवर बँका. त्याने तिपायी अगदी मोक्याच्या जागी, दोन खांबांच्या मध्ये लावली. आबांनी चौकशी केली, "ह्या काय?"

"सगळा शूटिंग करतंय. एकव सीन सुटाचो नाय."

"मगे तू काय करतलंस?"

"मी आता निजतंय."

आबांना ही कल्पना इतकी पसंत पडली, की त्यांनीही आपली उठवण्याची सगळी कामं त्या मोबाइलवर सोपवली. बातमी चटयांवरून चटयांवर गेली. कधी नव्हे ते बायकांची, म्हाताऱ्यांची, पोरांची आख्खी जत्रा निर्धास्त झोपली. टपरीजवळचे जाणकारसुद्धा खाली बसले म्हणतात. राजाने त्या रात्री कोणासाठी राज्य केलं ते त्यालाच ठाऊक. चारच्या सुमाराला, राक्षसाने गदा उचलली आणि मोबाइलची जागा भरली. मेमरी फुल्ल. हे चुलतभावाला मुंबईत गेल्यावर, तिसऱ्या दिवशी पाहायला बसला तेव्हा समजलं. त्याआधीच्या दोन्ही दिवशी तो पाहता पाहता झोपला होता.

त्याचा फोन आला. आवाजात घाबरेपणा होता. "अरे, राक्षस मेलो काय नाय?"

मी फोन हातात धरून अंगणात विचारलं. आबा म्हणाले, मेलो. काकी म्हणाली, मेलो खंय, पाय धरून शरण इलो. धाकट्या पुतण्याच्या मते तो पळाला होता, आणि त्याने त्याला पळताना पाहिलं होतं. पण तो राक्षस पळत होता की तो नट एसटी गाठत होता, हे त्याला सांगता येईना. मी शेजारी विचारून आलो. त्यांच्याकडचा तो भाग त्यांनी कोणालातरी दिला होता.

शेवटी काकीने माझ्या हातातून फोन घेतला. "आयक," ती म्हणाली, "येत्या शनिवारी तीच कंपनी पल्याडच्या गावात आसा. तूच येवन बघ. फकत त्याच राक्षसाक मारतले असा काय माका सांगाक येवचा नाय. त्या गावचो मानकरी जरा मवाळ आसा."